‘मला आवडतं’ ते ‘मे गुस्ता’ : स्पॅनिशमध्ये आवडनिवड सांगताना

स्पॅनिश शिकायला लागलो त्याच आठवड्यात मी वर्गात छाती काढून म्हणालो होतो, ‘यो गुस्तो काफे.’ पुस्तक इंग्रजीतलं, डोक्यातलं वाक्यही इंग्रजीच : आय लाइक कॉफी. ‘आय’च्या जागी ‘यो’ ठेवलं, ‘लाइक’च्या जागी ‘गुस्तो’, झालं काम! शिक्षिका हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘आ किएन?’ म्हणजे ‘कोणाला?’ मला प्रश्नच कळेना. मी कॉफीबद्दल बोलतोय, यांना मध्येच कोणाची चौकशी?

‘यो गुस्तो’ म्हणजे ‘मी आवडतो’. चारचौघांत मी स्वतःच्या लोकप्रियतेची घोषणा केली होती आणि शेपटाला उगाच कॉफी बांधली होती. आता कोणाला आवडतो, हे विचारणं भागच होतं.

त्या रात्री वहीत तेच वाक्य मराठीत लिहिलं, ‘मला कॉफी आवडते’, आणि त्याखाली ‘मे गुस्ता एल काफे’. ‘मला’च्या खाली ‘मे’. ‘आवडते’च्या खाली ‘गुस्ता’. दोन्ही भाषांत आवडण्याचं काम कॉफी करते, माणूस ते नुसतं झेलतो. इंग्रजीत मात्र माणूस कर्ता होऊन पुढे बसतो, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांना हे प्रकरण डोक्यावर उभं राहून वाचल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद आपल्यासारखंच चालायचं, वस्तू माणसाला ‘आवडायची’. मधल्या काही शतकांत त्यांनी वाक्य उलटं केलं.

म्हणून हा धडा इंग्रजीच्या वाटेने शिकू नका, मराठीच्या दाराने आत या. काही ठिकाणी मराठीही चकवते, ती ठिकाणं पुढे त्या त्या पायरीवर दाखवली आहेत.

आधी उच्चाराचं

इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत आणि ते देवनागरीला चांगले मानवतात. स्पॅनिशमधले त आणि द दंत्य आहेत. ‘गुस्ता’मधला त ‘ताट’मधला, ‘टेबल’मधला ट नव्हे. प, त, क हे तिन्ही आपल्यासारखेच, श्वासाचा झोत न सोडता. हे साधायला इंग्रजी बोलणाऱ्याला मेहनत पडते, आपल्याला काहीच करावं लागत नाही. ‘च’ नेहमी ‘चिमणी’तला, ‘चमचा’तला कधीच नाही. क्रियापदाच्या एका रूपात शेवटच्या स्वरावर जोर द्यायचा आहे, तिथे मी अवग्रह (ऽ) दिला आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका, एका ठिकाणी त्यावर अर्थ ठरणार आहे.

पायरी १ : ‘मला, तुला, त्याला’ पाठ करा

सगळा डोलारा सहा छोट्या शब्दांवर उभा आहे :

मला – मे
तुला – ते
त्याला, तिला – ले
आम्हाला, आपल्याला – नोस
तुम्हाला (स्पेनमध्ये, अनेक मित्रांना) – ओस
त्यांना – लेस

‘आम्हाला’ आणि ‘आपल्याला’ असा फरक स्पॅनिशमध्ये नाही. ‘त्याला’ आणि ‘तिला’ यांनाही एकच शब्द. म्हणजे इथे मराठीपेक्षा काम कमीच आहे.

घोळ होतो तो ‘तुम्हाला’चा. आपलं ‘तुम्हाला’ दुहेरी आहे. एका आदरणीय माणसालाही तेच, दहा मित्रांनाही तेच. स्पॅनिशमध्ये या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच व्यक्तीला आदराने विचारायचं तर ‘ले’ : ‘ले गुस्ता?’ दहा मित्रांना विचारायचं तर स्पेनमध्ये ‘ओस गुस्ता?’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘लेस गुस्ता?’ मराठी माणूस आदर दाखवायला सवयीने अनेकवचनाकडे धावतो आणि समोरच्या एकट्या आजोबांना ‘लेस गुस्ता?’ विचारतो. आजोबा मागे वळून बघतात, आणखी कोण आलंय ते. आदर हवा आणि माणूस एकच, तर ‘ले’, हे घोकून ठेवा.

पायरी २ : क्रियापद वस्तूच्या मागे जातं

पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात. हे वेगळं शिकवावं लागत नाही, तोंडात बसलेलं असतं. स्पॅनिशमध्येही तेच :

मे गुस्ता एल लिब्रो – मला (ते) पुस्तक आवडतं
मे गुस्तान लोस लिब्रोस – मला पुस्तकं आवडतात

एक वस्तू असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. आवडणारी माणसं किती, याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. ‘नोस गुस्ता एल सिने’ – आम्हाला सिनेमा आवडतो. माणसं अनेक, सिनेमा एक, म्हणून ‘गुस्ता’. ‘मे गुस्तान लोस गातोस’ – मला मांजरं आवडतात. माणूस एक, मांजरं अनेक, म्हणून ‘गुस्तान’.

मराठीत चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडतं, अशी लिंगाची तिहेरी कसरत करावी लागते. स्पॅनिशमध्ये नामांना लिंग आहे, पण ते ‘गुस्ता’पर्यंत पोचत नाही. सिनेमा असो, कॉफी असो, गाणं असो, ‘गुस्ता’ म्हणजे ‘गुस्ता’.

एखादी कृती आवडत असेल तर क्रियापदाचं मूळ रूप तसंच ठेवायचं : ‘मे गुस्ता नादार’ – मला पोहायला आवडतं. ‘मे गुस्ता लेएर’ – मला वाचायला आवडतं. ‘पोहायला’मधला ‘ला’ शोधत बसू नका, तिथे मध्ये काहीही लागत नाही. कृती दोन झाल्या तरी एकवचनच : ‘मे गुस्ता लेएर इ बाइलार.’ आपणही ‘मला वाचायला आणि नाचायला आवडतं’ म्हणतो, ‘आवडतात’ म्हणत नाही. कानाला विचारा, कान बरोबर सांगतो.

पायरी ३ : आर्टिकल, मराठीचा पहिला दगा

‘मे गुस्ता काफे’ हे वाक्य कानाला इतकं सरळ वाटतं, की त्यात चूक आहे हे पटतच नाही. पण चूक आहे. स्पॅनिशमध्ये सर्वसाधारण आवड सांगताना नामाआधी आर्टिकल लागतं : ‘मे गुस्ता एल काफे’, ‘मे गुस्ता ला मूसिका’ (संगीत), ‘मे गुस्तान लोस पेर्रोस’ (कुत्री), ‘मे गुस्तान लास फ्लोरेस’ (फुलं). पुल्लिंगी एकवचनाला एल, स्त्रीलिंगीला ला, अनेकवचनात लोस आणि लास.

मराठीत आर्टिकल नाहीच. आणि ज्या इंग्रजीवरून आपण आर्टिकल शिकलो, ती नेमकी इथेच ते गाळते. ‘आय लाइक कॉफी’, ‘आय लाइक डॉग्ज’. दोन्ही भाषा मिळून एकाच चुकीकडे ढकलतात, म्हणून ती वर्षानुवर्षं सुटत नाही. माझी तर बोलताना अजूनही कधीकधी होते.

सोपा उपाय म्हणजे नाम पाठ करतानाच आर्टिकलसकट पाठ करायचं. ‘काफे’ असा शब्दच नाही असं समजा, शब्द आहे ‘एलकाफे’. नामाआधी ‘माझं’, ‘तुझं’, ‘हे’, ‘ते’ यांपैकी काही आलं की आर्टिकलची खुर्ची भरलेली असते, मग ते लागत नाही : ‘मे गुस्ता तु कासा’ – मला तुझं घर आवडतं. ‘मे गुस्ता एस्ता कान्सिओन’ – मला हे गाणं आवडतं. आणि क्रियापदाच्या मूळ रूपाआधी तर नाहीच.

पायरी ४ : ‘ला’ प्रत्यय म्हणजे ‘आ’

‘मार्ताला सिनेमा आवडतो’ हे कसं म्हणायचं? आपण ‘ला’ नावाच्या मागे लावतो, स्पॅनिशमध्ये ‘आ’ नावाच्या पुढे लागतो : ‘आ मार्ता’. प्रश्नातही तसंच. ‘कोणाला?’ म्हणजे ‘आ किएन?’ माझ्या शिक्षिकेचा प्रश्न हाच होता.

इथवर सगळं सुरळीत चालतं, आणि मग मराठी दुसऱ्यांदा दगा देते. ‘आ मार्ता गुस्ता एल सिने’ म्हणून चालत नाही. ‘आ मार्ता ले गुस्ता एल सिने’ म्हणावं लागतं. शब्दाला शब्द लावला तर ‘मार्ताला तिला सिनेमा आवडतो’. मराठीत हे पाल्हाळ वाटतं, स्पॅनिशमध्ये तो ‘ले’ सक्तीचा आहे. ‘आ मार्ता’ गाळलं तरी चालेल, ‘ले’ गाळलेला चालणार नाही. ‘आ मिस पाद्रेस लेस गुस्ता बाइलार’ – माझ्या आईवडिलांना नाचायला आवडतं. इथे ‘लेस’, कारण आईवडील दोघं.

माझी युक्ती उलट्या दिशेने जाते. आधी ‘ले गुस्ता एल सिने’ हे पूर्ण वाक्य मनात तयार करायचं. त्यातल्या ‘ले’मुळे ऐकणाऱ्याला कळत नाही, त्याला की तिला की आदराने तुम्हाला. तो गोंधळ दूर करायला मग पुढे ‘आ मार्ता’ची पाटी लावायची. असा विचार केला की ‘ले’ विसरला जात नाही, कारण सुरुवातच त्याच्यापासून झालेली असते.

स्वतःवर जोर द्यायचा असेल तर ‘आ मी मे गुस्ता’. यातलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मी’ नव्हे, ते ‘आ’नंतर येणारं ‘मज’सारखं रूप आहे. त्या ‘मी’वर स्पॅनिश लिपीत तिरपी रेघ असते. ‘तुला’साठी ‘आ ति’, त्यावर रेघ नसते. भलेभले स्पॅनिश भाषकही ‘ति’वर रेघ ओढतात, तेव्हा तुमच्याकडून ओढली गेली तर फार वाईट वाटून घेऊ नका. अर्जेंटिनात ‘ति’ऐवजी ‘बोस’ ऐकू येईल : ‘आ बोस ते गुस्ता?’ त्यातला ‘ते’ मात्र तसाच राहतो.

पायरी ५ : नकार आणि मात्रा

‘नो’ सगळ्यांच्या आधी : ‘नो मे गुस्ता.’ नाव असेल तर नावानंतर : ‘आ मार्ता नो ले गुस्ता एल काफे.’ ‘मे’ आणि ‘गुस्ता’ यांच्या मधे कशालाही शिरू देऊ नका.

आवड किती, हे सांगण्याची उतरंड अशी लावता येईल. अगदी वर ‘मे एनकान्ता’, म्हणजे प्रचंड आवडतं, मोहिनीच पडते. या क्रियापदाचं मूळ लॅटिनमधल्या मंत्र घालण्याच्या क्रियेत आहे. त्याखाली ‘मे गुस्ता मुचीसिमो’, मग ‘मे गुस्ता मुचो’, मग ‘मे गुस्ता बास्तान्ते’ म्हणजे बऱ्यापैकी आवडतं. उंबरठ्यावर ‘नो मे गुस्ता मुचो’, फारसं आवडत नाही. तळाला ‘नो मे गुस्ता नादा’, मुळीच आवडत नाही. ‘नादा’ म्हणजे ‘काही नाही’, आणि आधी ‘नो’ आहेच. इंग्रजी शाळेत दोन नकार एकत्र आले की गुण कापतात, इथे ते लागतातच. आपल्यालाही ‘काहीच नाही’ म्हणताना कुठे अडचण येते?

‘मे एनकान्ता’ला ‘मुचो’ जोडू नका. मोहिनी पडली म्हटल्यावर ‘खूप पडली’ काय म्हणायचं? ‘मे एनकान्ता मुचो’ ऐकलं की शिकाऊ माणूस लगेच ओळखू येतो. आणि इंग्रजीत जसं कशावरही ‘लव्ह’ करतात तसं स्पॅनिशमध्ये करायचं नाही. सिनेमा, गाणी, पाऊस, प्रवास, सगळ्याला ‘मे एनकान्ता’ पुरतं. ‘आमार’ हे प्रेमाचं क्रियापद माणसांसाठी आणि गंभीर प्रसंगांसाठी राखून ठेवलेलं बरं.

तुलना करायची तर दोन वाटा. ‘मे गुस्ता मास एल ते के एल काफे’ – मला कॉफीपेक्षा चहा जास्त आवडतो. किंवा ‘प्रेफिएरो एल ते आल काफे’. दुसऱ्या वाक्यात ‘के’ नाही, ‘आल’ आहे, आणि ‘प्रेफिएरो’चा कर्ता मी आहे, चहा नाही.

पायरी ६ : ‘मलापण’

समोरचा म्हणाला, ‘मे गुस्ता एल सिने.’ तुम्हालाही आवडतो. इंग्रजी डोकं ‘यो ताम्बिएन’ म्हणेल, म्हणजे ‘मीपण’. मराठीत कोणी ‘मला सिनेमा आवडतो’ म्हटल्यावर आपण ‘मीपण’ म्हणू का? ‘मलापण’ म्हणू. मग ‘आ मी ताम्बिएन’.

तो म्हणाला, ‘नो मे गुस्ता एल फुत्बोल.’ तुम्हालाही नाही आवडत : ‘आ मी ताम्पोको’. तुम्हाला मात्र आवडतो : ‘आ मी सी’. तो ‘आवडतो’ म्हणाला आणि तुम्हाला आवडत नाही : ‘आ मी नो’. या चार उत्तरांवर गप्पांचा अर्धा गाडा चालतो. उलट विचारायचं तर ‘इ आ ति?’ – ‘आणि तुला?’ ‘इ तु?’ म्हणजे ‘आणि तू?’ होईल, ते इथे बसत नाही.

पण समोरचा ‘ओदिओ एल फुत्बोल’ म्हणाला तर? ‘ओदिओ’ म्हणजे मी तिरस्कार करतो. इथे कर्ता माणूस आहे, म्हणून उत्तर ‘यो ताम्बिएन’. वाक्य ‘मे’ने सुरू झालं असेल तर उत्तर ‘आ मी’ने. नसेल तर ‘यो’ने.

‘आवडतं का?’ या प्रश्नाला ‘सी, मे गुस्ता’ पुरे. इंग्रजीत ‘ते’ आवडतं असं वस्तूचं सर्वनाम लागतं म्हणून काही जण ‘मे लो गुस्ता’ म्हणतात. तो ‘लो’ तिथे चालत नाही. आपण नुसतं ‘हो, आवडतं’ म्हणतो, तसंच.

पायरी ७ : माणसं आवडणं

इथे जरा सावकाश चला.

तू मला आवडतोस – ‘मे गुस्तास’. मी तुला आवडतो का? – ‘ते गुस्तो?’ इंग्रजी पुस्तकात ही रूपं वेगळ्या प्रकरणात, इशारे देत येतात. मराठीत ती पहिल्यापासून आहेत. ‘आवडतोस’मधला ‘स’ जे काम करतो तेच ‘गुस्तास’मधला ‘स’ करतो. दोन भाषा हजारो मैलांवर वाढल्या आणि शेपटीला तोच एक वर्ण आला.

व्याकरण सोपं आहे, अर्थ नाजूक आहे. मी एकदा एका ओळखीच्या बाईंना त्यांच्या भावाबद्दल आणि वहिनीबद्दल चांगलं बोलावं म्हणून सांगितलं, ‘मे गुस्ता तु कुन्यादा’, तुझी वहिनी मला आवडते. बाईंच्या भुवया वर गेल्या. माणसाबद्दल नुसतं ‘मे गुस्ता’ म्हटलं की त्यात आकर्षणाची छटा येते. मराठीतही ‘ती मला आवडते’ म्हटल्यावर मित्र कोपराने ढोसतातच, पण स्पॅनिशमध्ये हे लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

साध्या, निरुपद्रवी आवडीसाठी वेगळा प्रयोग आहे : ‘मे काए बिएन’. शब्दशः ‘ती मला चांगली पडते’, म्हणजे तिचं-माझं जमतं, माणूस बरा वाटतो. ‘मार्ता मे काए बिएन.’ अनेक असतील तर ‘तुस आमिगोस मे काएन बिएन’. जमत नसेल तर ‘मे काए माल’. मी त्याला पटत नाही – ‘ले काइगो माल’. सहकारी, शेजारी, मित्राची बायको, सासूसासरे, सगळ्यांसाठी ‘काए बिएन’ वापरा, सुखी राहाल.

पायरी ८ : आवडला, आवडायचा, आवडेल

काळांमध्ये इंग्रजीचा हात सोडण्याचा खरा फायदा दिसतो. ‘गुस्तोऽ’ आणि ‘गुस्ताबा’ यांतला फरक इंग्रजीतून समजून घ्यायचा म्हणजे पूर्ण झालेली क्रिया, चालू असलेली क्रिया, काळाच्या रेषा, बाण, असला पसारा. मराठीत उत्तर दोन शब्दांत आहे.

आवडला – गुस्तोऽ
आवडायचा – गुस्ताबा

‘मे गुस्तोऽ ला पेलीकुला’ – सिनेमा आवडला. बघितला, संपला, आवडला. ‘दे निन्यो मे गुस्ताबा दिबुहार’ – लहानपणी मला चित्रं काढायला आवडायचं. बोलणारी स्त्री असेल तर ‘दे निन्या’. अनेकवचनात ‘मे गुस्तारोन लास कान्सिओनेस’, गाणी आवडली. स्पेनमध्ये नुकत्याच बघितलेल्या गोष्टीबद्दल ‘मे आ गुस्तादो’ असंही म्हणतात, आपल्या ‘आवडलंय’सारखं.

आणि अवग्रह इथे कामाला येतो. ‘गुस्तो’ म्हणजे मी आवडतो, ‘गुस्तोऽ’ म्हणजे आवडला. फरक फक्त जोर कुठे पडतो एवढाच.

‘आवडेल’चे दोन भाग करा. ‘ही गोष्ट तुला नक्की आवडेल’ हे भाकीत आहे : ‘ते बा आ गुस्तार’. ‘मला नाच शिकायला आवडेल’ ही इच्छा आहे : ‘मे गुस्तारीआ आप्रेन्देर आ बाइलार’. आमंत्रणही याच दुसऱ्या रूपाने करतात : ‘ते गुस्तारीआ बेनिर?’ – तुला यायला आवडेल? ‘ते गुस्ता बेनिर?’ म्हटलं तर ‘तुला येत राहायला आवडतं का?’ असा विचित्र प्रश्न होतो.

दुसऱ्याने काही केलेलं आवडतं असेल तर ‘के’ आणि क्रियापदाचं वेगळं रूप लागतं : ‘मे गुस्ता के मे यामेस’ – तू मला फोन करतोस ते मला आवडतं. हे रूप थोडं पुढच्या इयत्तेतलं आहे. आत्ता कानावरून जाऊ द्या.

मराठी जास्तच मदत करायला येते तेव्हा

‘मला’ने सुरू होणारं प्रत्येक मराठी वाक्य ‘मे’ने सुरू करण्याचा मोह आता होईल. तो आवरा. आपल्याकडे जवळजवळ सगळं ‘मला’ होतं : मला हवं, मला माहीत आहे, मला येतं, मला भूक लागली. स्पॅनिशमध्ये यातल्या प्रत्येक ठिकाणी माणूस कर्ता आहे. ‘किएरो’ (मला हवं), ‘से’ (मला माहीत आहे, आणि मला पोहता येतं यातलं ‘येतं’सुद्धा), ‘तेंगो आम्ब्रे’ (मला भूक लागली).

‘मला कॉफी हवी’साठी ‘मे किएरे उन काफे’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘एक कॉफी माझ्यावर प्रेम करते’ असा होतो. कॉफी मागायची तर ‘किएरो उन काफे’. जरा नम्रपणे, ‘किसिएरा उन काफे’.

तिरस्काराचंही तसंच. ‘मला तिटकारा आहे’ – ‘ओदिओ’ किंवा ‘देतेस्तो’. ‘मला सहन होत नाही’ – ‘नो सोपोर्तो’, ‘नो आग्वान्तो’. चारही ठिकाणी ‘मे’ नाही. ‘मे ओदिआ’ म्हणजे तो माझा द्वेष करतो. आणि ‘मे दिस्गुस्ता’ वाचून इंग्रजीतली किळस आठवेल, पण त्याचा अर्थ खटकतं, मनाला लागतं असा आहे. किळस वेगळी, ती पुढे येते.

मात्र भावनांच्या एका मोठ्या घराण्यात मराठी पुन्हा तंतोतंत जुळते. ‘दार’ म्हणजे देणे, त्याचे हे प्रयोग :

मे दा मिएदो – मला भीती वाटते
मे दा आस्को – मला किळस येते
मे दा बेर्ग्वेन्सा – मला लाज वाटते
मे दा पेरेसा – मला कंटाळा येतो, जिवावर येतं
मे दा इग्वाल – मला काही फरक पडत नाही

वस्तू अनेक असतील तर ‘दा’चं ‘दान’ होतं : ‘मे दान मिएदो लोस पेर्रोस’. ‘मे दा पेना’ जपून वापरा. स्पेनमध्ये त्याचा अर्थ वाईट वाटतं, मेक्सिको आणि कोलंबियात लाज वाटते. ‘मे पारेसे’ (मला वाटतं), ‘मे इन्तेरेसा’ (मला रस आहे), ‘मे मोलेस्ता’ (मला त्रास होतो) हेही याच घराण्यातले. ‘गुस्ता’ जमलं की हे सगळे फुकट.

कुठे काय ऐकू येईल

स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे, आणि आवडण्यासाठी बोलीतले शब्द जागोजागी बदलतात. स्पेनमधली तरुण मुलं ‘मे मोला’ म्हणतात, मेक्सिकोत ‘मे लाते’, अर्जेंटिनात ‘मे कोपा’. ओळखायला शिका, लगेच वापरायला धावू नका. परक्या तोंडातली बोली फार लवकर शिळी होते. ‘आत्ता काही घ्यावंसं वाटतंय का?’ यासाठी स्पेनमध्ये ‘ते आपेतेसे उन काफे?’ आणि कोलंबिया, व्हेनेझुएला, पेरू इथे ‘ते प्रोबोका उन काफे?’ विचारतात. दुसऱ्या प्रश्नात ‘कॉफी तुला चिथावते का?’ असं काही नाही, ते सरळ आमंत्रण आहे.

सराव

तक्ते भरून फार काही साधत नाही. एकच संवाद घ्या आणि त्यातल्या वस्तू बदलत राहा :

– ते गुस्ता बाइलार?
– नो, नो मे गुस्ता नादा. इ आ ति?
– आ मी सी. मे एनकान्ता. इ लास पेलीकुलास दे तेर्रोर? (आणि भयपट?)
– उफ, मे दान मिएदो.
– आ मी ताम्बिएन.

‘बाइलार’च्या जागी ‘लोस गातोस’ ठेवून बघा. पहिली ओळ ‘ते गुस्तान लोस गातोस?’ होते, मग खाली ‘नो मे गुस्तान नादा’ आणि ‘मे एनकान्तान’. एक वस्तू बदलली की तीन क्रियापदं हलतात. हे हलणं तोंडात बसेपर्यंत मोठ्याने म्हणा. मग ‘तु’चं ‘उस्तेद’ (एका माणसासाठीचं आदराचं ‘तुम्ही’) करा, ‘ते’चं ‘ले’ होईल, ‘आ ति’चं ‘आ उस्तेद’. पुढच्या फेरीत सगळं भूतकाळात न्या. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-१ या सगळ्यात खालच्या पातळीवरही आवडनिवड सांगता यावी लागते, आणि तोंडी परीक्षेत हीच चार-पाच वाक्यं वेगवेगळे कपडे घालून येतात.

रोज झोपताना दिवसातल्या तीन गोष्टींबद्दल एकेक वाक्य बोला : एक ‘मे गुस्तोऽ’, एक ‘नो मे गुस्तोऽ’, एक ‘मे दा इग्वाल’. मी हे करायला लागल्यावर लक्षात आलं, की बहुतेक गोष्टी तिसऱ्या खात्यात जातात.

आता इतकं सगळं घोटल्यावर एक प्रसंग सांगतो, तिथे हे उलटं होतं. मेक्सिकोत कोणी जेवत असताना तुम्ही तिथे पोचलात, तर तो ताटाकडे हात करून म्हणेल, ‘गुस्ता?’ मित्र असेल तर ‘गुस्तास?’ यात ‘मे’ नाही, ‘ते’ नाही. इथे कर्ता चक्क माणूस आहे, आणि अर्थ ‘घेणार का थोडं?’ स्पेनमधल्या जुन्या वळणाच्या माणसांकडूनही ‘उस्तेद गुस्ता?’ ऐकू येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हा मला विचारतोय की मी कोणाला आवडतो का. मी त्याला पूर्ण वाक्यात उत्तर देणार होतो. तिथे फक्त ‘ग्रासिआस, प्रोबेचो’ (धन्यवाद, जेवण अंगी लागो) म्हणायचं असतं, स्पेनमध्ये ‘ग्रासिआस, के आप्रोबेचे’, आणि त्याला जेवू द्यायचं असतं.